‘मॅडम, घरी फोन करू नका’ : महाविद्यालयीन मुलींच्या ताणामागे नेमके काय असते?

पारसिक (धागालेखिका, म्हणजे ही ऑनलाइन चर्चा सुरू करणारी)

मी ठाण्यात राहते आणि गेली चौदा वर्षे नवी मुंबईतील एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवते. सत्र संपत आले की आमच्याकडे हजेरी कमी भरलेल्यांची यादी लागते. विद्यार्थी तिला ‘डिफॉल्टर लिस्ट’ म्हणतात. नियमाप्रमाणे ७५ टक्के हजेरी हवी. ती ज्यांची भरत नाही त्यांनी कारण लिहून अर्ज द्यायचा आणि त्यावर पालकांची सही आणायची, अशी आमच्याकडची पद्धत आहे. यंदा हे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे आले आणि दोन संध्याकाळी मी तो गठ्ठा घेऊन बसले. मुलांच्या अर्जांत कारणे तऱ्हेतऱ्हेची होती: क्रिकेटचे सामने, अर्धवेळ नोकरी, गावची जत्रा, बहिणीचे लग्न. मुलींच्या अर्जांत मात्र दोनच कारणे पुन्हा पुन्हा येत होती, ताप आणि पोटदुखी.

त्यातला एक अर्ज जर्नलच्या पानावर लिहिलेला होता. कारणाच्या ओळीत आधी काहीतरी लिहून ते निळ्या पेनाने इतके गिरवले होते की कागद तिथे फाटायला आला होता, आणि पुढे बारीक अक्षरांत ‘ताप’ असे लिहिले होते. पान दिव्यासमोर धरल्यावर खोडलेल्यातला पहिला शब्द लागला. तो ‘स्टेशनवर’ असा होता.

मी त्या मुलीला बोलावून घेतले. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते आहे.) ती दिवा स्थानकाहून ठाण्याला येते आणि तिथून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स-हार्बरची गाडी पकडते. ठाण्याच्या दहा नंबर फलाटावर एक माणूस रोज तिच्या आसपास उभा राहू लागला, आणि काही दिवसांनी तिच्याच स्थानकावर उतरूही लागला. तिने गाडी बदलली, उशिराची धरली, आणि तिचे सकाळचे पहिले दोन तास बुडू लागले. तिला कोणी हात लावलेला नव्हता, कोणी शब्दही उच्चारलेला नव्हता, त्यामुळे तक्रार कशाची करायची हेच तिला कळत नव्हते. मी विचारले, “घरी सांगितलेस का?” ती म्हणाली, “घरी सांगितले तर कॉलेज बंद होईल. बाबा म्हणतील, बाहेरून परीक्षा दे.” आणि उठताना दाराशी थांबून म्हणाली, “मॅडम, घरी फोन करू नका.”

त्यानंतरच्या आठवड्यात मी यादीतल्या आणखी काही जणींशी एकेकटीने बोलले. एकीची आजी अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचे सारे हीच करत होती. एकीला दर महिन्याला दोन दिवस उठवत नव्हते. एकीला पहिल्या सत्रात दोन विषयांत केटी लागली होती, म्हणजे ते विषय राहिले होते, आणि त्या विषयांच्या तासांना बसले की तिचे हातपाय गार पडत होते. एकीची छायाचित्रे कोणीतरी परस्पर घेऊन फिरवली होती. कारणे एकमेकांशी जुळणारी नव्हती, परंतु शेवटचे वाक्य जवळजवळ प्रत्येकीचे तेच होते: घरी कळवू नका.

तरुण मुलींच्या ताणाविषयी बोलताना आपण परीक्षा, स्पर्धा, नोकरीची चिंता, मोबाइल अशी यादी करतो, आणि ती यादी खरीच आहे. माझे म्हणणे असे आहे की या यादीतले बहुतेक सारे मुलींना पेलले असते, जर ते कोणाजवळ बोलता आले असते. अनेक घरांत मुलीचे शिक्षण ही अजूनही एक परवानगी आहे, आणि काही बिघडले तर ती परवानगी काढून घेतली जाईल, हे तिला कोणी न सांगताही ठाऊक असते. म्हणून ती बिघडलेले काहीच सांगत नाही. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या, आणि त्या वयोगटातील प्रवेशाचे प्रमाण मुलांचे २८.३ टक्के, तर मुलींचे २८.५ टक्के होते. इतक्या मुली आपल्या वर्गांत येऊन बसल्या याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांच्यापैकी किती जणी ही भीती दप्तरात घेऊन येतात, हे मात्र कोणत्याच सर्वेक्षणात दिसत नाही.

विद्यार्थिनींनी, पालकांनी आणि शिक्षकांनी येथे आपले अनुभव लिहावेत. नावे लिहू नयेत.

कळव्याची आई

ताई, आपला धागा काल रात्री वाचला आणि नंतर झोप लागली नाही. माझी मुलगी एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला आहे. मी तिला दिवसातून चार-पाच वेळा फोन करते, शिवाय तिच्या मोबाइलचे लोकेशन माझ्याकडे सुरू असते. गाडी मुलुंडला दहा मिनिटे थांबली तरी तो निळा ठिपका हलेपर्यंत माझे कुकरकडे लक्ष नसते.

गेल्या पावसाळ्यात गाड्या रखडल्या आणि ती पावणेनऊला घरी आली. दार उघडल्याबरोबर माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, “एवढा उशीर का?” ती काही न बोलता आत गेली. तिची सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली होती आणि एका पायात चप्पल नव्हती, हे मला ती पाठमोरी झाल्यावर दिसले. चप्पल कुठे गेली, हे मी अजून विचारलेले नाही.

आता जे लिहिते ते मी घरात कोणालाही सांगितलेले नाही. १९९६ साली मी पहिल्या वर्षाला असताना बसमध्ये माझ्याशी एक प्रसंग घडला. मी तो भोळेपणाने वडिलांना सांगितला. वडील माझ्यावर अजिबात रागावले नाहीत, उलट डोक्यावरून हात फिरवला. पण दुसऱ्या दिवसापासून माझे कॉलेज बंद झाले. त्यांनी ते प्रेमापोटीच केले, हे मला तेव्हाही कळत होते. त्यामुळे आपल्या विद्यार्थिनीचे ‘कॉलेज बंद होईल’ हे वाक्य मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच आहे की हे सारे भोगलेली मी, माझ्या मुलीशी तसेच का वागते आहे?

नेरूळ, तृतीय वर्ष

मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासाचा ताण मुला-मुलींना सारखाच असतो असे म्हटले जाते, म्हणून आमच्या प्रकल्पाचे उदाहरण देते.

आमच्या गटात दोन मुले आणि दोन मुली आहेत. प्रकल्पाचे खरे काम रात्री होते, कारण दिवसा तास, प्रात्यक्षिके आणि सबमिशन असतात. मुले एकाच्या खोलीवर जमतात आणि पहाटेपर्यंत बसतात. आम्हा दोघींना सातच्या आत घरी पोहोचायचे असते. मग कामाची वाटणी आपोआप ठरते: प्रोग्रॅम मुले लिहितात, अहवाल, आकृत्या आणि सादरीकरण आम्ही करतो. कोणी मुद्दाम अन्याय करत नाही, आमचे मित्र चांगले आहेत. परंतु व्हायवाला (तोंडी परीक्षेला) परीक्षक आम्हाला प्रोग्रॅममधली ओळ दाखवून विचारतात आणि आम्ही अडखळतो. मग ‘मुली फक्त फाइल सजवतात’ हे वाक्य ऐकावे लागते. हेच पुढे प्लेसमेंटच्या मुलाखतीत होणार आहे, हे मला आत्ताच दिसते आहे. रात्री अकराला, घरातले सारे झोपल्यावर, मी तो प्रोग्रॅम एकटीने पुन्हा लिहून बघते. सकाळी साडेसहाला उठायचे असते. दिवसा तासाला डोळे मिटतात, आणि मग मी ‘लक्ष नसलेली’ ठरते.

दुसरी गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, तरी लिहिते. आमच्या मजल्यावरील मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराला कडी नाही आणि दुसऱ्यात पाणी नसते. त्यामुळे आम्ही बहुतेक जणी सकाळी घरून निघताना पाणीच पीत नाही. मला वर्षभरात दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. पाळीच्या दिवसांत चार तासांचे प्रात्यक्षिक उभ्याने करायचे आणि मध्ये बाहेर जायची परवानगी मागायची, या कल्पनेनेच त्या दिवशी घरी राहावेसे वाटते. मग हजेरी कमी होते आणि अर्जात ‘ताप’ लिहावा लागतो. केरळातील कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये विद्यार्थिनींना या कारणासाठी हजेरीत प्रत्येक सत्राला दोन टक्क्यांची सवलत दिली आणि पुढे तेथील सरकारने ती इतर विद्यापीठांतही नेली. आपल्याकडे अशी सवलत मिळेल तेव्हा मिळो. आधी कडी बसवा, एवढेच माझे मागणे आहे.

तिसरे म्हणजे स्थळे. तिसरे वर्ष लागले आणि घरी पाहुणे आले की ते माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. आई आतून हळू आवाजात सांगत होती, “निकाल लागेपर्यंत थांबा.” मी कोणत्या निकालाची वाट बघते आहे आणि घरचे कोणत्या, हे त्या दिवशी मला कळले.

येऊर

मला एक मुलगा आणि एक मुलगी आहे, दोघेही महाविद्यालयात आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघतो. धागा प्रामाणिक आहे, परंतु काही गोष्टींशी मी सहमत नाही.

पहिले म्हणजे मुलांना ताण नाही असे चित्र यातून उभे राहते. माझ्या मुलाला लवकरात लवकर कमावता झाला पाहिजे ही चिंता आतून पोखरते आहे आणि तोही कोणाशी बोलत नाही. दुसरे म्हणजे पालकांची काळजी निराधार नसते. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामामुळे आणि अवजड वाहनांमुळे संध्याकाळी एकेक तास कोंडी होते. मुलगी कासारवडवलीच्या थांब्यावर अंधारात एकटी उभी असेल तर मी फोन करणारच, आणि त्याला पहारा म्हटले तर मला वाईट वाटेल.

एक गोष्ट मात्र मलाही उमगलेली नाही. माझ्या मुलीला मागच्या सत्रात एका विषयात केटी लागली आणि तिने ती चार महिने लपवली. मी आजवर तिला गुणांवरून एकदाही बोललेलो नाही. मग तिने माझ्यापासून का लपवावे?

पारसिक

येऊर, आपला पहिला आक्षेप मला मान्य आहे. मुलग्यांच्या ताणाविषयी स्वतंत्र धागा निघायलाच हवा आणि तो आपण काढलात तर मी त्यावर लिहीन. या धाग्यात मुलींविषयी लिहिण्याचे कारण असे की त्यांच्या वाट्याला अभ्यासासोबत घरकामाचीही जबाबदारी येते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. हे आकडे सहा वर्षांपासून पुढच्या सर्व वयांचे आहेत, पण तो फरक लहानपणापासूनच रुजतो. माझ्या वर्गातल्या मुली परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीही पोळ्या लाटून मग वही उघडतात. त्यांचे भाऊ वाईट नसतात, त्यांना कोणी उठवलेले नसते.

काळजी आणि पहारा यांच्यातील फरक मला असा दिसतो. ‘थांब्यावर पोहोचलीस की सांग, मी घ्यायला येतो’ या वाक्याने मुलीला आधार वाटतो. ‘उद्यापासून एवढ्या उशिराचा क्लास नको’ या वाक्याने ती पुढच्या वेळी अंधारात उभी आहे हे सांगणारच नाही. आपण यांपैकी पहिले वाक्य बोलत असाल, असे आपल्या लिहिण्यावरून वाटते.

केटीविषयी एक विचारते, राग मानू नका. नात्यातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलीला केटी लागल्यावर, आपल्या घरात जेवताना काय बोलले गेले होते, हे आठवते का? मुले आपल्याशी थेट काय बोलले गेले यापेक्षा दुसऱ्याविषयी काय बोलले गेले, हे जास्त नीट ऐकतात.

येऊर

आठवले. मेहुण्याच्या मुलीविषयी मी स्वतः म्हणालो होतो, “एवढा खर्च करून उपयोग काय झाला, त्यापेक्षा लग्न लावून दिले असते.” मुलगी समोरच बसली होती. आज संध्याकाळी तिच्याशी बोलेन.

घणसोली, सेक्टर ७

मी माथाडी वसाहतीत वाढले. बाबा वाशीच्या भाजीपाला मार्केटमध्ये माथाडी कामगार आहेत. त्यांचा दिवस रात्री दोनला सुरू होतो. आमचे घर एका खोलीचे असल्यामुळे बाबा संध्याकाळी सातला झोपले की दिवा घालवावा लागे. मी तीन वर्षे जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर बसून अभ्यास केला, कारण तिथे रात्रभर बल्ब असे. आमचे गाव सातारा जिल्ह्यात. पदवीपर्यंत पोहोचलेली मी घरातली पहिली मुलगी.

येथे कॉलेज बंद होण्याच्या भीतीविषयी लिहिले गेले आहे. माझ्या घरी ती भीती नव्हती, बाबांनी मला कधीही अडवले नाही. माझा ताण उलट बाजूने आला. बाबांच्या खांद्यावरचे घट्टे मी रोज बघत होते. त्या खांद्यांवर माझे शिक्षण उभे आहे, हे मला कोणी बोलून दाखवले नाही, पण त्यामुळेच मला ‘मला जमत नाही’ असे म्हणण्याचा हक्क वाटेना. दुसऱ्या वर्षी मला सलग दोन महिने झोप लागत नव्हती, छाती धडधडत असे, आणि मी आईला सांगत होते की जागरण अभ्यासामुळे होते आहे. आई गावाकडच्या बायकांना अभिमानाने सांगे, “पोरगी रात्र-रात्र अभ्यास करते.”

पैशाविषयीही थोडे लिहिते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. या निर्णयामुळे माझी धाकटी बहीण आज फार्मसीला आहे, त्याचे मोल आमच्या घराला ठाऊक आहे. तरीही प्रवेशाच्या दिवशी तिच्या महाविद्यालयाने आधी पूर्ण रक्कम भरा, शासनाकडून आली की परत करू, असे सांगितले. बाबांनी पतपेढीतून कर्ज काढले. ती रक्कम परत येईपर्यंत माझी बहीण कॅन्टीनमध्ये चहासुद्धा पीत नव्हती. शुल्काखेरीज लॅपटॉप, पास, जर्नल, प्रकल्पाची छपाई हे सारे उरतेच, आणि प्रत्येक वेळी हात पुढे करताना मुलगी आपल्या मनात एक हिशेब लिहीत असते. मुलगाही लिहीत असेल. पण त्याला तो पुढे फेडता येईल असे वाटते, आणि मुलीला लग्नाआधी फेडायची घाई असते.

समुपदेशिका, ठाणे

मी ठाण्यात समुपदेशक म्हणून काम करते. धाग्यातील अनुभव मला परिचयाचे आहेत, म्हणून काही उपयोगी गोष्टी मांडते.

मुली माझ्याकडे ‘ताण आहे’ असे सांगत येत नाहीत. त्या केस गळणे, सततची डोकेदुखी, आम्लपित्त, पाळी पुढे-मागे होणे, भूक मरणे, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन येतात. यातल्या अनेक तक्रारी दीर्घकाळच्या ताणामुळे होतात, पण त्या सगळ्या मनाच्याच खात्यात टाकू नयेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील देशातील ५७ टक्के आणि महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलेल्या मुलीला दम लागतो, धडधडते, वाचलेले लक्षात राहत नाही, आणि घरचे तिला आळशी म्हणतात. त्यामुळे मी पहिल्या भेटीतच हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यायला सांगते. घणसोलीच्या ताईंनी वर्णिलेली झोपेची तक्रार दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर अभ्यास संपण्याची वाट न बघता डॉक्टरांना भेटावे.

मुली मदत घेत नाहीत याचे एक कारण आपल्या गावाशीच जोडलेले आहे. येथे १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, आणि मराठीत ‘ठाण्याला पाठवावे लागेल’ हे वाक्य तीन पिढ्या चेष्टेने वापरले गेले आहे. ते वाक्य ऐकत वाढलेली मुलगी मानसोपचार हा शब्दसुद्धा घरात उच्चारत नाही. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली आणि तेथे साध्या, रोजच्या अडचणी घेऊन येणाऱ्यांचीही रीघ असते, हेही मुलींना सांगायला हवे. ज्यांना कोठे जाता येत नाही त्यांच्यासाठी टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते.

‘घरी कळवू नका’ या विनंतीला कायद्याचाही आधार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराविषयीची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीने मला सांगितलेले मी तिच्या आई-वडिलांना तिच्या संमतीवाचून सांगत नाही. अपवाद जिवाला धोका असण्याचा, आणि तो मी पहिल्याच भेटीत स्पष्ट करते. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले आहेत. आपल्या महाविद्यालयात ती व्यक्ती कोण आहे आणि कोणत्या खोलीत बसते, हे विद्यार्थिनींनी विचारावे. आणि ती खोली प्राचार्यांच्या दालनाशेजारी नसावी, कारण तिथे शिरताना सगळे बघतात.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असते. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक असते, आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात विद्यार्थी-सदस्यही असतात. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. गाडीत किंवा फलाटावर त्रास झाला तर रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे.

एक शेवटचे, आणि हे सर्वांसाठी. एखादी मैत्रीण ‘मी नसले तर बरे होईल’ असे काही बोलली, तर तिला थेट विचारा की जीव देण्याचे विचार मनात येतात का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट तिला पहिल्यांदा मोकळे वाटते. त्या वेळी तिला एकटी सोडू नका आणि गुप्ततेचे कोणतेही वचन पाळत बसू नका.

आसनगाव लोकल

मी शहापूर तालुक्यातील आहे. पहिले वर्ष रोज आसनगावहून ये-जा केली, आता कोपरखैरणेला पाच जणींत एक खोली घेऊन कॉट बेसिसवर (फक्त एका खाटेचे भाडे भरून) राहते. येथे मला अडवणारे कोणी नाही, आणि तरीही मी घरी काही सांगत नाही. शनिवारी घरी गेले की उन्हाळ्यात आईबरोबर टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभी राहते. तिथे वर्गातल्या इंग्रजी सादरीकरणाची भीती सांगायला गेले तर ती मलाच क्षुल्लक वाटते. पण रविवारी रात्री परतीच्या गाडीत बसले की पोटात गोळा येतो. वर्गात माझ्या बोलण्यातल्या एका शब्दाला मुली हसल्या होत्या, तेव्हापासून मी तासाला प्रश्न विचारलेला नाही. समुपदेशिका ताईंनी दिलेला क्रमांक मी लिहून घेतला आहे.

पारसिक

प्रतिसादांबद्दल सर्वांची ऋणी आहे. आसनगावच्या मुली, तो शब्द कोणता होता ते मला कळव. मी तो माझ्या तासाला वापरीन.

काय घडले ते लिहिते. दिव्याहून येणाऱ्या त्या विद्यार्थिनीसोबत मी स्वतः ठाण्याच्या लोहमार्ग पोलिसांकडे गेले. तिने तारखा वहीत लिहून ठेवल्या होत्या, त्यांचा उपयोग झाला. सलग चार दिवस साध्या वेशातील एक महिला पोलीस फलाटावर होती. तो माणूस दुसऱ्या दिवशीच सापडला, तरी ती पुढचे दोन दिवसही थांबली. मुलगी पुन्हा पहिली गाडी पकडते आणि डोंबिवलीहून येणाऱ्या दोघींबरोबर महिलांच्या डब्यात बसते. घरी तिने सांगितलेले नाही. कधी सांगायचे ते ती ठरवील.

प्राचार्यांकडे मी दोन गोष्टी मागितल्या. अर्जात ‘कारण शिक्षिकेला प्रत्यक्ष सांगितले आहे’ असा एक रकाना असावा, हे त्यांनी लगेच मान्य केले. अठरा वर्षांवरील विद्यार्थिनीच्या अर्जावर पालकांची सही बंधनकारक नसावी, हे त्यांना पटले नाही. पालकांना अंधारात ठेवल्याचा ठपका संस्थेवर येईल, असे ते म्हणाले. त्यांची अडचण मला समजते, तरी पुढच्या बैठकीत मी तो विषय पुन्हा मांडणार आहे. स्वच्छतागृहांच्या कड्या मी आमच्या इमारतीत मजल्यामजल्यावर जाऊन मोजल्या. सोळा दारांपैकी पाच दारांना नव्हत्या. शुक्रवारी सुतार येऊन गेला.

कळव्याची आई

काल रात्री भाकरी करताना मी मुलीला १९९६ ची गोष्ट सांगितली. ती ओट्याला टेकून ऐकत होती. सगळे ऐकून झाल्यावर तिने विचारले, “तू आजोबांना सांगितलेच नसतेस तर?” मी म्हटले, “तर माझी पदवी पूर्ण झाली असती.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मला एक गोष्ट सांगितली. ती तिची आहे, म्हणून येथे लिहीत नाही. ऐकताना ‘मग उद्यापासून’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी तव्याकडे वळले आणि भाकरी उलटली, ती एका बाजूने करपली होती. मागून तिने विचारले, “आई, ऐकते आहेस ना?” मी म्हटले, “ऐकते आहे, सांग पुढे.”

चप्पल गाडीच्या पायरीवरून रुळांत पडली होती.